दस्तगीरचा निळा टँकर

दस्तगीरचे डोळे एका खेळण्यापायी गेले, असं जळकोटात कुणीही सांगेल. बसस्टँडवरचा पानवाला तर हातवारे करून सांगतो, जसा काही तिथंच उभा होता. माझं रंगकामाचं दुकान दस्तगीरच्या दारासमोर आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरचे मोर, हे सगळं मी रंगवतो. झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून सांगतो, की लोकांची गोष्ट अर्धीच खरी आहे. खेळण्यापायी डोळ्यांत साबणाचं कास्टिक उडालं हे खरं. पण डोळे गेले ते पाण्यावाचून, आणि तेही दारात पाण्यानं काठोकाठ भरलेला टँकर उभा असताना. याचा मला अजून राग येतो. राग कुणाचा, ते विचाराल तर दस्तगीरचाच येतो.

दस्तगीर मूळचा आमच्या गल्लीतला. त्याचा बाप कलईवाला. घरोघरी स्टील आलं आणि कलईची भट्टी विझली. उस्मानाबाद फोडून लातूर जिल्हा केला तेव्हा दस्तगीरला नुकती मिसरूड फुटली होती. जिल्हा नवा म्हणजे कचेऱ्या नव्या, कचेऱ्या नव्या म्हणजे जीपा नव्या आणि जीप काही साहेब स्वतः चालवत नाही. असा साधा हिशेब करून तो एसटीत बसला आणि लातूरला गेला. गाडी मिळाली. पण रोजंदारीवर. "जिल्हा नवा आहे, जरा थांबा, कायम करू," असं त्याला एका साहेबानं सांगितलं. ते साहेब बदलून गेले. दुसरे आले, तेही तेच म्हणाले. जिल्हा जुना झाला, कचेऱ्यांच्या भिंतींचे पोपडे पडले, तरी हा आपला थांबलेलाच. शेवटी केस पिकल्यावर गावी परत आला आणि ठेकेदाराच्या टँकरवर बसला.

आता म्हणे उदगीरचा जिल्हा होणार. दर सहा महिन्यांनी ही आवई उठते. चहाच्या टपरीवर नकाशे निघतात, जळकोट इकडं का तिकडं यावर कपबश्या आपटतात. मी दस्तगीरला डिवचायचो, "तयार राहा बाबा, उदगीरच्या नव्या कलेक्टरला तूच फिरवणार!"

तो विडी विझवत म्हणायचा, "अप्पा, जिल्ह्याचे तुकडे केले म्हणून आभाळ जास्त बरसतंय का?"

मी आपला पुन्हा ब्रश उचलायचो.

लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणलं, त्या सालची ही गोष्ट. लातूरच्या पाण्याची गाडी टीव्हीवर दिसली. आमच्याकडच्या वस्त्यांना टँकर होते, ते कुणाला दिसायचे नाहीत. दस्तगीर एका खोल विहिरीवर टँकर भरायचा आणि दिवसभर खेपा करायचा. त्यातली शेवटची खेप डोंगराकडच्या एका वस्तीला जायची. बौद्धांची पंचवीस-तीस घरं, पुढं रस्ता नाही, मागं ओढा, आणि ओढ्यात नुसता रेताडा. गावातल्या विहिरीत टँकर रिकामा केला की वस्तीपर्यंत पाणी पोचायचंच नाही, म्हणून ही खेप थेट त्यांच्या दारात नेऊन द्यायची असं ठरलेलं होतं.

ठरलेलं होतं एवढंच. टँकरचं पाणी वाटेत गळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणाचा हाटेलचा हौद, कुणाच्या बांधकामाची टाकी, कुणाच्या मेहुण्याचा बोकड. दस्तगीरही काही देवमाणूस नव्हता. फाट्यावरचा हाटेलवाला त्याच्या नात्यातला. येता-जाता त्याला दोन बादल्या दिल्या, त्यानं फुकट चहा दिला, असं पहिल्या महिन्यात चाललं. वस्तीवर टँकर रिकामा व्हायच्या वेळी रांगेतल्या शेवटच्या दोन-तीन बायका कोरड्या राहायच्या. टँकर म्हटलं की उन्नीस-बीस व्हायचंच, असं तो म्हणायचा.

त्या शेवटच्या बायकांत एक केवळाबाई होती. म्हातारी, नवरा वारलेला, सून पोटुशी. तिसऱ्यांदा पाणी संपलं तेव्हा तिनं भांडण केलं नाही. ती टँकरच्या केबिनचं दार उघडून पायरीवर चढली, आपली रिकामी घागर दस्तगीरच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ही घिऊन जा, लेकरा. तुज्या हाटेलवाल्याला दे. तेच्याकडं पानी हाय, घागर नसंल." आणि खाली उतरून चालती झाली.

घागर परत न्यायलाही ती वळली नाही. दस्तगीर ती मांडीवर घेऊनच जळकोटला आला. माझ्या दुकानात येऊन बसला तर तोंड राखेसारखं. मी म्हटलं, काय झालं? त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "अप्पा, मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी त्यानं टँकरच्या पाणी सोडायच्या मागच्या कॉकवर कुलूप घातलं. किल्ली काळ्या दोऱ्यात, गळ्यात, ताईताच्या शेजारी. हाटेलवाल्यानं नातं तोडलं. ठेकेदार हसला. केवळाबाईची घागर मात्र दस्तगीरनं स्वतः भरून दिली, आणि तेव्हापासून वस्तीवर शेवटची बाई कोरडी राहिली नाही. टँकर दारात असला तरी कमरुन्निसाभाभीलासुद्धा त्यातला तांब्याभर मिळायचा नाही. भाभी त्याची बायको. तिनं एकदा हंडा घेऊन कॉककडं नुसती नजर टाकली, तर हा गल्ली ऐकेल असा ओरडला होता. नगरपंचायतीचा नळ आठ-दहा दिवसांनी थुंकल्यासारखा यायचा, त्याच्यावर त्यांचं घर चालायचं.

आता खेळणं.

दस्तगीरला एकच मुलगी, शाहीन. ती मुदखेडला दिली. जावयाचा भाऊ सौदीत असतो, त्यानं पुतण्यांसाठी एक मोठा खोका आणला. खोक्यावर लांबलचक परदेशी टँकरचं चित्र. आत मात्र टँकर नव्हताच, नुसते सुटे भाग. प्लास्टिकच्या चौकटीला चिंचेच्या आकड्यांसारखी लोंबणारी चाकं, आरसे, बंपर, शिड्या. ते तोडायचे आणि डिंकासारख्या गोंदानं एकमेकांना चिकटवायचे. टाकीचे दोन अर्धे तुकडे हातभर लांब. आणि हे सगळं लखलखीत, आरशासारखं, तोंड बघून घ्यावं असं.

शाहीनची मुलगी मिसबा सात वर्षांची. तिनं खोका उघडला आणि हट्ट धरला, की हा नानाचा टँकर आहे, नानाच तो जोडणार. खोका एसटीनं जळकोटला आला. सोबत मिसबाचा फोन. "नाना, पण तुमचा टँकर असा चमकत नाही ना. तुमच्यासारखा निळा करा. मागं लाल अक्षरात 'पाणी' लिहा. मी सुट्टीत येते तवर करून ठेवा."

नातीनं सांगितलं, झालं! ज्या माणसानं साहेबांच्या पोरांना कधी फुगा आणून दिला नाही, तो गुडघ्यावर खोका घेऊन माझ्या दुकानात ठाण मांडून बसला.

"अप्पा, निळा मार."

मी मारला. दुसऱ्या दिवशी त्यानं नखानं खरवडलं तर रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून हातात आला. चकचकीत अंगावर रंग धरतच नाही, त्याला धरायला काही पाहिजे ना. मी पॉलिश पेपर घासून पाहिला. चमक निघाली, पण तिच्यासोबत रिबिटांचे बारीक ठिपके आणि झाकणाच्या कडाही गेल्या. दस्तगीरनं माझा हात धरला. "असं नको. ती पोरगी एकेक खिळा मोजती."

चमक अलगद उतरवायची युक्ती त्यालाच सापडली, आणि तीही त्याच्याच धंद्यातून. टँकरच्या पाण्यात जंतू मारायला टाकायची पांढरी टीसीएल पावडर ग्रामपंचायत देते. त्या पावडरीच्या डब्यात एकदा त्याचा बनावट चांदीच्या बटणांचा जोड पडला होता आणि सकाळी काळाकुट्ट निघाला होता. म्हणून त्यानं लोणच्याच्या बरणीत थोडं टीसीएलचं पाणी केलं आणि आरसे, चाकं, बंपर त्यात सोडले. संध्याकाळपर्यंत चांदी पाण्यात गेली होती. खाली उरलं साधं, पिवळट प्लास्टिक, एकही ठिपका न मोडलेलं. त्याचा आनंद काय सांगू! बरणी घेऊन गल्लीभर फिरला. ते पाणी त्यानं फेकलं नाही, फडक्यातून गाळून पुढच्या भागांना वापरलं. मग त्याच्या पुढच्यांना. त्या वर्षी आम्ही सगळेच तसं वागत होतो. भाजी धुतलेल्या पाण्यानं भांडी, भांड्यांच्या पाण्यानं फरशी, फरशीचं पाणी कडुनिंबाला.

अडलं टाकीपाशी. हातभर लांबीचे तुकडे बरणीत मावेनात. बुडवायचे तर बादलीभर पाणी पाहिजे. बादलीभर पाणी म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं पिणं. ते खेळण्याला कोण देणार? अर्धवट बुडवून ठेवले तर अर्धी चांदी, अर्धं पिवळं, मध्ये रेघ. मिसबाची सुट्टी जवळ आली होती.

भाभी पूर्वी घरी कपड्यांचा साबण करायची. तेलघाणीतली गाद, तिच्यात कास्टिक. आमच्या अर्ध्या गल्लीचे कपडे त्याच साबणानं धुतले जायचे. त्या सालात धुणंच बंद, म्हणून साबणही बंद होता आणि कास्टिकच्या पापड्यांचा डबा मोरीवरच्या फळीवर घट्ट झाकून पडला होता. दाट कास्टिक असलं तर बुडवायलाच नको, ब्रशनं लावलं तरी चांदी खाऊन टाकील, म्हणजे तांब्या-दोन तांब्यांत काम होईल. हे दस्तगीरच्या डोक्यात आलं. भाभी म्हणाली, मी करून देते, भाकरी थापून होऊ द्या.

तो दुपारचा सुमार होता. रोजच्यासारखा शेवटच्या खेपेचा टँकर भरून तो जेवायला घरी आलेला. टँकर लिंबाखाली उभा, मागच्या कॉकला कुलूप. चुलीवर भाकरी. भाकरी होईपर्यंत रिकामं बसवेना, म्हणून यानं डबा काढला.

साबण करणाऱ्या घरात लहान पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात चिमूट-चिमूट कास्टिक सोडायचं. कास्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही. दस्तगीरनं हे भाभीच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. पण आधी पाणी घ्यायचं म्हणजे किती घ्यायचं, हे कुठं ठाऊक होतं? जास्त झालं तर वाया गेलं. त्या वर्षी वाया हा शब्द आम्हाला शिवीसारखा वाटायचा. म्हणून त्यानं लोखंडी घमेल्यात टाकीचा एक तुकडा ठेवला, त्याच्यावर आधी पापड्या टाकल्या, आणि लागेल तेवढंच घालावं म्हणून वरून तांब्याची धार धरली. नजर अधू, चष्मा टँकरमध्ये. म्हणून वाकून, तोंड जवळ नेऊन.

मी पाटीवर अक्षर काढत होतो. आधी फस्सकन आवाज आला, फोडणीत पाणी पडल्यासारखा. मग दस्तगीर ओरडला. माझ्या हातातला ब्रश पाटीवर कुठं गेला मला कळलं नाही.

धावत गेलो तर तो अंगणात दोन्ही हात हवेत धरून उभा. भाभी तांब्या घेऊन पदराचं टोक ओलं करत होती आणि त्याचे डोळे पुसत होती. पुसत होती! घरात अर्धी घागर पाणी होतं आणि हात ओतायला धजत नव्हता. पाणी ओतायचं असतं हेच तिचा हात विसरला होता. मी घागर उचलली आणि त्याच्या तोंडावर सगळी रिकामी केली. तो "बस, बस" म्हणत राहिला. घागर संपली तेव्हा म्हणाला, "आता कमी हाय. आग कमी झाली, अप्पा."

"कमी बिमी काही नाही," मी म्हटलं. "दस्तगीर, किल्ली दे."

त्याला कळलं मी कशाची म्हणतोय. त्याचा हात गळ्याकडं गेला, आणि ताईत न् किल्ली दोन्ही मुठीत गेले. "न्हाई."

"अरे, डोळ्यात कास्टिक गेलंय!"

"ते वस्तीचं हाय."

मी त्याची मूठ उघडायला गेलो. तो माझ्याहून दांडगा. मला ढकलून, चाचपडत, भिंतीला हात लावत तो गल्लीत गेला. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी आणि लाळेसारखं काहीतरी गळत होतं. मला वाटलं, आता स्वतःच उघडतो. तो टँकरच्या मागं गेला आणि कॉकला पाठ लावून उभा राहिला. मी दुकानातून पाना आणला, कुलपावर घालायला. त्यानं आवाजावरून माझा हात पकडला आणि दात खाऊन म्हणाला, "अप्पा, हात लावलास तर तुझं न् माझं संपलं. आग कमी हाय म्हनून सांगून राहिलो ना! आज मी एक घागर काढली, की उद्या कुनीबी काढतंय. ती म्हातारी पुन्हा घागर मांडीवर ठिवंल."

भाभी रडत होती. "ख़ुदा के वास्ते, खोलो जी."

त्यानं खोललं नाही.

मी गल्लीत ओरडलो. घराघरातून बायका तांब्या, पेला, जे हातात येईल ते घेऊन आल्या. त्या सालात कुणाच्या घरात किती पाणी होतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो, जळकोटच्या त्या गल्लीनं त्या दिवशी तोंडातला घास दिला. तांब्या तांब्या त्याच्या डोळ्यांवर ओतलं. पण दोन तांब्यांच्या मध्ये वेळ जात होता आणि कास्टिक वेळ देत नाही. मग जीप मिळाली आणि उदगीरला नेलं, तिथून लातूरला.

लातूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "लगेच धुतले का? किती वेळ?"

मी सांगितलं. ते म्हणाले, कास्टिकची आग कमी झाली असं वाटतं, पण ते आत खात जातं. धार सोडून निदान अर्धा तास धुवायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "घरात पाणी नव्हतं का?"

भाभीनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. डॉक्टर त्या वर्षी असं बरंच काही ऐकत असतील, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी त्याच संध्याकाळी उशिरा भाभीचे कपडे आणायला जळकोटला परतलो. टँकर लिंबाखाली नव्हता. त्याच्या जागी दगडानं फोडलेलं कुलूप धुळीत पडलेलं. चौकात आलो तर टँकर दिसला. ठेकेदारानं दुसरा ड्रायव्हर पाठवला होता, आणि टँकरचा पाइप एका नव्या इमारतीच्या टाकीत सोडलेला होता. पाणी चांगलं धो धो वाहत होतं. स्लॅबवर मारायला. मी त्या ड्रायव्हरची कॉलर धरली. तो म्हणाला, "काका, मला ठेकेदारानं सांगितलं इथं टाक. तुमचं काय बिघडलं?" माझं काय बिघडलं ते त्याला सांगण्याजोगं नव्हतं. मी कॉलर सोडली. आजूबाजूचे बघे हसत होते.

भाभीला मी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तिनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "उनकू मत बोलना, भाईसाब. इतना तो रहने दो उनके पास."

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. बुबुळं उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी झाली आहेत. बुबुळ बदलता येईल का, ते डॉक्टरांनी तपासून पाहिलं आणि म्हणाले, आतली जमीनच जळलीय, नवं लावलं तरी धरणार नाही. ज्या माणसानं आयुष्यभर रस्त्याशिवाय काही पाहिलं नाही, त्याला आता मोरीपर्यंत भाभी हाताला धरून नेते.

घमेल्यातला टाकीचा तुकडा भाभीनंच दवाखान्यातून परतल्यावर मला आणून दिला. त्याच्यावर चांदीचा कणही राहिला नव्हता. दुसरा अर्धा मी स्वतः एकेक टोक आळीपाळीनं टीसीएलमध्ये भिजवून काढला, मधली रेघ निळ्याखाली झाकायची ठरवून. जोडला. निळा दिला, मागं लाल अक्षरात 'पाणी' लिहिलं. दस्तगीरला हातात दिला तर तो अंगठ्यानं टाकी चाचपत राहिला, रिबिट न् रिबिट. "चमक गेली का, अप्पा?" मी म्हटलं, गेली. "पूरी?" मी म्हटलं, पुरी. तेवढ्यावर तो खूश झाला, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मिसबा सुट्टीत आली. तिनं टँकरकडं पाहिलं, नानाच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि टँकर उचलून फळीवर ठेवला. एकदाही जमिनीवर चालवला नाही. पोरं आपल्याला वाटतं त्याहून जास्त समजतात. जाताना नेलाही नाही.

मग एके दिवशी केवळाबाई आली. डोंगराकडून जळकोटपर्यंत, अर्धी वाट पायी, अर्धी कुणाच्या तरी जीपला लटकून. घर विचारत आधी माझ्याच दुकानात आली. मी तिला पाणी दिलं, बसवलं. ती उन्हानं काळी ठिक्कर पडली होती, पण जीभ जिथल्या तिथं.

"तेनं डोळं घालवलं म्हनं आमच्या पान्यापायी?"

मी म्हटलं, हो.

"आरं पन तुम्हाला अक्कल न्हवती का?" ती माझ्यावरच उखडली. "येक घागर आम्ही कमी पेलो असतो! आन् त्ये पानी तरी कुठं आलं? दिवस बुडंस्तोवर आम्ही वाटंला डोळं लावून बसलाव. ल्येकरं रडून रडून झोपली. दुसऱ्या दिशी बी न्हाई. माज्या सुनंला गावातल्या हिरीवर जावं लागलं, तसल्या अवस्थेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोट ऱ्हायलं न्हाई तिचं." तिचा हात पोटाजवळ गेला, मग खाली पडला.

"तेच सांगाया आलेय मी तेला," ती म्हणाली आणि उठली.

मला तिला थांबवायचं होतं. पण कोणत्या तोंडानं तिला थांबवायचं? तिच्या घरचं पाणी, तिची सून. मी नुसता तिच्या मागं गेलो.

दस्तगीर अंगणात बाजेवर बसला होता. भाभीनं सांगितलं, वस्तीवरच्या केवळाबाई आल्यात. तो धडपडत उभा राहिला, टोपी सारखी केली आणि तोंड आवाजाच्या अंदाजानं भलतीकडंच केलं.

"बैस, लेकरा," केवळाबाई म्हणाली. ती त्याच्या पांढऱ्या डोळ्यांकडं बघत होती.

"माय," दस्तगीर म्हणाला, "मला येकच सांग. मी कुनाला इचारलं तर सारे दुसरंच बोलतेत. त्या दिवशीचं पानी पोचलं का तुमच्याकडं?"

भाभीच्या हातातली किटली तशीच राहिली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. केवळाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भाभीकडं. मग ती दस्तगीरच्या शेजारी बाजेवर बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोचलं की, बाबा," ती म्हणाली. "पार टोकाच्या घरापोतर पुरलं. मलाच दोन घागरी मिळाल्या."

"सुनंला?"

"तिलाबी."

दस्तगीरनं मान हलवली. "मंग झालं," तो म्हणाला, आणि भाभीला चहा ठेवायला सांगितलं.